ग्रंथपालांनी लिहिते व्हावे

श्रावणाचे दिवस आले की घरोघरी पोथ्या बासनातून बाहेर निघतात. कुठे शिवलीलामृताचे पारायण, कुठे हरिविजय लावलेला. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, अडलेल्या ओवीचा अर्थ जाणत्याने सांगायचा आणि अध्याय संपला की पोथीला नमस्कार करून उद्याची वेळ ठरवायची, ही रीत आपल्याला कोणी मुद्दाम शिकवलेली नाही. ती घराच्या हवेतच असते. याच पावसाळी दिवसांत, १२ ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन पाळतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांची जयंती म्हणून हा दिवस मानला जातो. गावोगावच्या वाचनालयांत आज त्यांची तसबीर पुसून टेबलावर ठेवली जाईल, हार घातला जाईल, अध्यक्ष दोन शब्द बोलतील, ग्रंथपालांच्या हाती गुलाबपुष्प आणि श्रीफळ दिले जाईल, चहापान होईल आणि थोड्या वेळाने देवघेव पुन्हा सुरू होईल. हा सोहळा साधा आहे आणि तो साधाच असावा. वर्षातून एकदा तरी टेबलापलीकडच्या त्या माणसाकडे आपले लक्ष जाते, हे थोडे नाही. पण ज्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो, त्यांनी ग्रंथपालाकडे काय मागितले होते, याचीही आठवण आज व्हायला हवी.

रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा सुरुवातीला त्या निवांत दालनात त्यांचे मन रमत नव्हते, पुन्हा वर्गात जावे असे वाटत होते. पुढे ते इंग्लंडला गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली आणि परतल्यावर सारे आयुष्य याच कामाला वाहिले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. ग्रंथ वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचावा. आणि ग्रंथालय ही वाढती, जिवंत संस्था आहे. ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही सूत्रे तोंडपाठ असतात. त्यातले दुसरे आणि तिसरे वरवर पाहता जुळी भावंडे वाटतात, पण त्यांच्यातला फरक मोठा आहे. दुसऱ्या सूत्रात वाचक पायऱ्या चढून आलेला असतो, काहीतरी मागत असतो. त्याची मागणी पुरवली की काम झाले. तिसऱ्या सूत्रात मागणारा कोणीच नसतो. कपाटातले पुस्तक आपण होऊन उठून रस्त्यावर जाऊ शकत नाही, 'मी इथे आहे' असे सांगू शकत नाही. त्याच्या वतीने कोणाला तरी बोलावे लागते, आणि ते बोलणे रंगनाथनांनी ग्रंथपालाच्या शिरावर ठेवले.

आपल्याकडे हे बोलण्याचे काम आजवर एका फळ्याने केले. दाराशी टांगलेला काळा फळा, वर 'नवीन दाखल पुस्तके' असा मथळा, खाली खडूने लिहिलेली आठ-दहा नावे, पुढे लेखक, कुठे कुठे दाखलनोंदवहीतला क्रमांक. अक्षर बहुधा सुबक. पावसाळ्यात ओल्या भिंतीमुळे खडू नीट उमटत नाही, मग ग्रंथपाल तीच नावे कागदावर लिहून डकवतात. या फळ्याने पिढ्यान् पिढ्या वाचक घडवले, त्याचे ऋण मानले पाहिजे. पण तो वाचायला दाराशी यावे लागते. आज दाराशी येतात ते सकाळचे वर्तमानपत्र वाचणारे ज्येष्ठ नागरिक आणि अभ्यासिकेत जागा धरून बसलेले स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी. लग्न होऊन नव्याने गावात आलेली सून, पाळी संपवून रात्री घरी येणारा कामगार, गुडघे दुखतात म्हणून जिने न चढणाऱ्या निवृत्त शिक्षिका, मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले पण वर्गणी अजून गावच्याच वाचनालयाची भरणारे आजोबा, हे सगळे आपलेच वाचक. त्यांच्यापर्यंत फळा पोचत नाही.

वाचकापर्यंत आपण होऊन जाण्याची परंपरा आपल्या मातीत नवी नाही. रत्नागिरीत १८२८ साली वाचनालय उभे राहिले, नाशिकला १८४० साली, पुण्याला १८४८ साली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. पुस्तके जमवण्याचा आणि जपण्याचा तो काळ होता. पुढचे पाऊल टाकले बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावून घेतले, संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले आणि जिथे ग्रंथालय नव्हते अशा खेड्यांकडे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या रवाना केल्या. त्याहून आज आठवावी अशी गोष्ट म्हणजे, १९१२ साली बडोद्याहून 'लायब्ररी मिसलेनी' नावाचे त्रैमासिक सुरू झाले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका संस्थानाच्या ग्रंथालयांना आपले म्हणणे लोकांच्या भाषेत लोकांना सांगावेसे वाटले होते. अलीकडच्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या घराघरांत, सोसायट्यांत आणि पार परदेशातल्या मराठी वस्त्यांतही पोचवल्या. सयाजीरावांच्या पेटीची ती पुढची पिढी म्हणायला हवी.

त्या त्रैमासिकाला छापखाना लागला, कागद लागला, टपालखर्च लागला, राजाश्रय लागला. यातले काहीही नसताना एखाद्या तालुक्याच्या वाचनालयाला आपले म्हणणे जगापुढे ठेवता येते, ही सोय गेल्या पाव शतकातली. १९९९ साली 'ब्लॉगर' आणि २००३ साली 'वर्डप्रेस' या इंटरनेटवरच्या ब्लॉगसेवा सुरू झाल्या आणि ज्याला दोन वाक्ये नीट लिहिता येतात त्याला स्वतःचे पान मिळाले, तेही फुकट. परदेशी ग्रंथालयांनी त्याचे महत्त्व लवकर ओळखले. अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावच्या ग्रंथालयाने २००५ साली आपले सारे संकेतस्थळच ब्लॉगच्या धर्तीवर उभारले. कर्मचारी लिहीत, वाचक खाली उत्तर देत, तक्रारही करत, आणि ग्रंथालय त्या तक्रारींना चारचौघांत उत्तर देई. २००७ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही आपला ब्लॉग सुरू केला. इतक्या अवाढव्य संस्थेला जर वाचकाशी घरगुती सुरात बोलावेसे वाटले, तर सरकारी वर्गवारीतल्या आपल्या 'ब' आणि 'क' वर्गाच्या वाचनालयांना ते अवघड वाटण्याचे कारण नाही. उलट, आपल्याकडचा ग्रंथपाल वाचकाला नावाने ओळखतो. हे भाग्य वॉशिंग्टनच्या वाट्याला यायचे नाही.

आता लिहायचे काय? कार्यक्रमांच्या सूचना, सुट्यांच्या तारखा, सत्कारांची छायाचित्रे एवढ्यावरच बहुतेकांची लेखणी थांबते. सूचना द्याव्यात, पण त्यासाठी कोणी पुन्हा पुन्हा त्या पानावर येत नाही. वाचक येतो तो पुस्तकाच्या ओढीने. ओढ लावण्यासाठी विद्वत्तापूर्ण परीक्षणाची गरज नसते. ग्रंथपाल टेबलाशी उभ्या असलेल्या वाचकाला जे सांगतात, तेच तसेच्या तसे ब्लॉगवर यावे. समजा, पेण तालुक्यातल्या एखाद्या वाचनालयाच्या कपाटात 'माझा प्रवास' आहे. ग्रंथपालांनी इतकेच लिहावे की, आपल्याच तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे चार पैसे मिळवावेत म्हणून घराबाहेर पडले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरात होते, पडझड आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि राजवाड्यातल्या समृद्ध ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाणही त्यांनी नोंदवून ठेवली. भारताचार्य चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हा प्रवास लिहून काढला. तो छापला गेला १९०७ साली, भटजींच्या मागे. आपल्या संग्रहात एक प्रत आहे, डावीकडच्या तिसऱ्या कपाटात. एवढ्या मजकुराला पाऊण पानही लागणार नाही. पण तो वाचून वरसईचा एखादा मुलगा, कदाचित मुंबईत नोकरीला असलेला, गावी आल्यावर ते पुस्तक मागायला येईल. तिसरे सूत्र प्रत्यक्षात उतरले, असे त्या दिवशी म्हणता येईल.

पुस्तकांइतकाच मोलाचा ऐवज म्हणजे वाचकांचे प्रश्न. आजोबांच्या पेटीत मोडीतला कागद सापडला, तो वाचायला कोणते पुस्तक उपयोगी पडेल? मुलाला भाषणासाठी सावित्रीबाईंवर सोपे काही हवे आहे. आमच्या गावच्या देवळाचा उल्लेख गॅझेटियरमध्ये कुठे आहे? अशा प्रश्नांची उत्तरे ग्रंथपाल दिवसभर देत असतात. ती उत्तरे शोधायला कधी अर्धा दिवस मोडतो, चार कपाटे धुंडाळावी लागतात, आणि एवढे करून ते ज्ञान एका वाचकाच्या कानात जाऊन तिथेच राहते. पुढच्या वर्षी दुसरा कोणी तेच विचारतो आणि पुन्हा तीच शोधाशोध. ग्रंथपाल निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर चाळीस वर्षांचे हे संचित घरी जाते. प्रश्न आणि त्याचे उत्तर दहा ओळींत लिहून ठेवले तर ते वाचनालयाच्या मालकीचे होते, आणि शोधणाऱ्या कोणालाही सापडते. वाचकाचा वेळ वाचवा, हे चौथे सूत्र याहून निराळे काय सांगते?

आणि दिवाळी अंक! १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा आपला सण अक्षरांचाही झाला. प्रत्येक वाचनालय दिवाळी अंकांची योजना राबवते, वेगळी वर्गणी घेते, अंक हातोहात फिरतात, आणि माघ-फाल्गुनापर्यंत त्यांची पाने सुटू लागतात. त्यानंतर ते गठ्ठे माळ्यावर जातात. त्या गठ्ठ्यांत काय काय आहे! अनेक कथा पुढे संग्रहात आल्या, अनेक आल्याच नाहीत. कितीतरी दीर्घ लेख, मुलाखती, व्यक्तिचित्रे त्या एका अंकाबाहेर कुठेच नाहीत. अमुक लेखकाचा तमुक विषयावरचा लेख कोणत्या साली कोणत्या अंकात आला होता, हे सांगणारी सूची सहजी हाती लागत नाही. एकेका वाचनालयाने आपल्या माळ्यावरच्या एकेका वर्षाच्या अंकांची अनुक्रमणिका ब्लॉगवर उतरवली, इतकेच केले, तरी पाच-सात वर्षांत मराठी अभ्यासकांसाठी केवढे भांडार उघडेल. सुटीत घरी बसलेल्या महाविद्यालयीन मुलांना हे काम सांगून पाहावे. ती आनंदाने करतील, आणि करता करता वाचतील.

हे सारे काम व्हॉट्सॲपवर होत नाही का, असे कोणी विचारील. बहुतेक वाचनालयांचे गट आहेत, त्यावर नव्या पुस्तकांची मुखपृष्ठे पडतात, आणि ते चांगलेच आहे. पण सकाळी टाकलेले मुखपृष्ठ दुपारपर्यंत सुविचारांच्या आणि वाढदिवसांच्या शुभेच्छांच्या लोंढ्याखाली जाते. 'स्टेटस' तर चोवीस तासांत पुसले जाते. गटाबाहेरच्या माणसाला त्यातले काहीच दिसत नाही. मजकूर ब्लॉगवर लिहावा आणि त्याचा दुवा गटावर पाठवावा, म्हणजे आज वाचणाऱ्यालाही सोय आणि तीन वर्षांनी शोधणाऱ्यालाही. नोकरीनिमित्त बंगळुरूला, दुबईला, न्यू जर्सीला गेलेला आपला माणूस रात्री कधीतरी गावाचे नाव टाकून शोध घेतो. त्याला त्या क्षणी गावच्या वाचनालयाचे पान सापडावे, शाळेच्या जुन्या इमारतीविषयी, नदीच्या महापुराविषयी, गावच्या एखाद्या विस्मृत लेखकाविषयी चार ओळी मिळाव्यात, याहून मोठी भेट कोणती?

त्यासाठी एक पथ्य मात्र पाळायला हवे. मजकूर युनिकोडमध्येच असावा. अजूनही कित्येक संस्थांचे अहवाल जुन्या फाँटांत टाइप केले जातात. तो मजकूर तसाच उचलून इंटरनेटवर टाकला की अक्षरांच्या जागी चिन्हांचा चिखल दिसतो आणि शोधयंत्राला त्यातला शब्दही ओळखता येत नाही. दुसरी सवय आहे ती सगळी माहिती रंगीत चित्रावर छापून ते चित्र टाकण्याची. ते दिसते देखणे, पण आपल्या दृष्टिहीन वाचकाचा फोन मजकूर वाचून दाखवतो, चित्र वाचून दाखवेलच असे नाही. ज्याला पुस्तक मिळवायलाच मुळात इतके सायास पडतात, त्याच्या वाटेत आपण आणखी एक दगड का ठेवावा? टंकलेखन येत नाही ही अडचणही आता राहिलेली नाही. फोनसमोर मराठीत बोलले की शब्द उमटतात, मग फक्त शुद्धलेखन तपासून घ्यायचे. तेवढे मात्र नक्की तपासावे. वाचनालयाच्या नावाने निघालेल्या मजकुरात ऱ्हस्वदीर्घाची हेळसांड शोभत नाही.

वाचकाचा विश्वास हा ग्रंथालयाचा सर्वांत जुना ठेवा, त्याला धक्का लागता कामा नये. कोण काय वाचतो, हे ग्रंथपालाला माहीत असते आणि ते त्याच्यापाशीच राहिले पाहिजे. कौतुकापोटीसुद्धा एखाद्या सभासदाच्या वाचनाचा तपशील त्याला विचारल्यावाचून जाहीर करू नये. बालविभागातल्या मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय टाकू नयेत. पुस्तकाची ओळख करून द्यावी, पण पानेच्या पाने छायाचित्रे काढून देऊ नयेत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क असतो, आणि जी संस्था पुस्तकांवर जगते तिने तरी लेखकाचा हक्क सांभाळलाच पाहिजे. शिवाय, लिहिलेल्या प्रत्येक मजकुराची एक प्रत छापून वाचनालयाच्या दप्तरी लावावी. 'टाइपपॅड' नावाची ब्लॉगसेवा वीस वर्षांहून अधिक काळ चालली आणि ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली. दुसऱ्याच्या जागेत मांडलेला संसार कधी हलवावा लागेल, सांगता येत नाही. उलट बाजूचा अनुभवही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, संकेतस्थळ कोसळले, ग्रंथांची तालिका जानेवारीच्या मध्यापर्यंत वाचकांना पाहता आली नाही. त्या काळात काय घडले, काय सुरू आहे, काय बंद आहे, हे ग्रंथालय आपल्या ब्लॉगवरून वाचकांना सांगत राहिले. मोठी यंत्रणा मुकी झाली तेव्हा हे साधे पान कामी आले.

एवढे सगळे लिहिताना ग्रंथपालांचे दिवस आपल्याला ठाऊक नाहीत असे नाही. लहान वाचनालयात ग्रंथपाल बहुधा एकटाच असतो. कुलूप उघडणारा तोच, वर्तमानपत्रे लावणारा तोच, देवघेव, वर्गणीच्या पावत्या, तपासणीची कागदपत्रे, अनुदानाचा पाठपुरावा, सगळे त्याच्याच माथी. मानधन असे की त्याचा आकडा उच्चारताना आपल्यालाच संकोच वाटावा. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, हजारो वाचनालये त्या छत्राखाली उभी राहिली, पण ती चालवणाऱ्या माणसाच्या संसाराची चिंता त्या प्रमाणात वाहिली गेली नाही. अशा माणसाला आणखी एक काम सांगण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच मिळतो, जेव्हा आपण त्याचा वाटा उचलायला तयार असू. कार्यकारिणीने ब्लॉगसाठी आठवड्याचा एक तास कामाचा म्हणून धरावा, इंटरनेटचा खर्च अंदाजपत्रकात लावावा. सभासदांपैकी निवृत्त शिक्षक, पत्रकार, लिहिते विद्यार्थी यांचे लहानसे मंडळ करावे. ग्रंथपालांनी सांगावे, मंडळाने उतरवून घ्यावे. आणि मजकूर प्रसिद्ध झाला की आपण वाचकांनी तो वाचावा, खाली दोन ओळी लिहाव्यात. कोणी वाचतच नाही असे वाटू लागले की चांगल्या चांगल्यांची लेखणी थांबते. पोथी सांगणाऱ्यालाही समोर ऐकणारे लागतात.

वार्षिक सभेच्या अहवालात 'यंदा अमुक पुस्तके दाखल झाली' असे वाक्य असते. त्यापुढे 'त्यातल्या इतक्या पुस्तकांची ओळख आम्ही वाचकांना लिहून करून दिली' हेही वाक्य यावे, आणि ग्रंथालय संचालनालयाने, जिल्हा ग्रंथालय संघांनी त्याची दखल घ्यावी. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात उत्कृष्ट ब्लॉगला गौरवावे. गोव्यात, बेळगावात, बडोद्यात, इंदुरात जिथे मराठी वाचनालये आहेत, त्यांनीही यात यावे. भिंतींनी वेगळी असलेली ही कपाटे शब्दांनी जोडता येतील.

आजच्या कार्यक्रमाचे चहापान आटोपले की अध्यक्षांनी, चिटणीसांनी ग्रंथपालांशेजारी खुर्ची ओढून बसावे आणि विचारावे, "आपल्या संग्रहातले कोणते पुस्तक बरीच वर्षे कोणी नेलेले नाही, पण लोकांनी वाचावे असे तुम्हाला वाटते?" ग्रंथपालांकडे उत्तर असते. ते लिहून घ्यावे आणि आजच्या तारखेने प्रसिद्ध करावे.